शेकोटीला हवी दगडाची वेस

थंडीच्या दिवसांत अंगणातली शेकोटी कोणाला नको असते? पण जमिनीवर चार काटक्या रचून पेटवलेला जाळ वेगळा आणि नीट बांधलेली शेकोटी वेगळी. हाताशी असलेल्या दगडांतून, एका दिवसाच्या श्रमात अशी शेकोटी कशी बांधावी आणि ती बांधताना कोणती काळजी घ्यावी, याची ही माहिती.

नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका द्राक्षांसाठी जितका प्रसिद्ध, तितकाच थंडीसाठीही. डिसेंबर-जानेवारीत येथला पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी बागाईतदार पहाटे उठून द्राक्षबागांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. तयार होत आलेल्या घडांना थंडीचा तडाखा बसू नये, मणी तडकू नयेत, ही त्यामागची धडपड. बागेला ऊब देणाऱ्या या गावांत माणसांची शेकोटीही घरोघरी असते. संध्याकाळी जेवणे आटोपली की अंगणात जाळ होतो आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे त्याभोवती गोळा होतात.

याच तालुक्यातल्या एका मळ्यात दोन हिवाळ्यांपूर्वी मुलांना हौस आली. शेकोटी नुसतीच कशाला, तिला छानसे दगडांचे कडे करू, असे ठरले. कादवा नदीच्या पात्रातून गुळगुळीत, वाटोळे गोटे आणले आणि गोल रचले. दिसायला फार सुरेख दिसत होते. जाळ चांगला पेटला आणि अर्ध्या तासाने बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. एक गोटा फुटला होता. त्याची कपची आठ वर्षांच्या नातवाच्या भुवईला लागली. डोळा एका बोटाने वाचला. दोन टाके पडले.

“आजपासून अंगणात विस्तव नको,” घरच्या कर्त्या मुलाने बजावले. कोणी काही बोलले नाही. तो हिवाळा सगळ्यांनी दार लावून टीव्हीसमोर काढला. सर्वांत जास्त चुकल्यासारखे झाले ते आजींना. दिवसभर कामात असलेला मुलगा, स्वयंपाकघरात गुंतलेली सून आणि अभ्यासातली नातवंडे त्यांच्या वाट्याला यायची ती शेकोटीपाशीच. पुढच्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी विषय काढला.

“नदीचा गोटा विस्तवात कोणी घालतं का रे? दोष विस्तवाचा नाही, आपला आहे. गावाला वेस असते, तशी विस्तवालाही वेस लागते. पण ती कशाची बांधायची, ते कळायला हवं.”

आजींचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीलाही पुरेपूर उतरते.

दगड का फुटतो?

दगड वरून कितीही घट्ट दिसला तरी त्याच्या अंगात बारीक भेगा आणि छिद्रे असतात. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या गोट्यात या भेगांमधून पाणी मुरलेले असते. पात्रातून काढून चार दिवस उन्हात ठेवला तरी आतले पाणी जात नाही. असा गोटा जाळापाशी तापला की आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. बाहेर पडायला वाट नसेल तर ती दगड फोडूनच बाहेर येते. प्रेशर कुकरची शिट्टी बंद केल्यावर काय होईल, ते गृहिणींना सांगायला नको!

म्हणून पहिला नियम असा की, नदी, ओढा, तळे किंवा विहीर यांतला दगड शेकोटीला वापरू नये. जुन्या विहिरीचे घडीव दगड दिसायला देखणे असतात, पण तेही नकोत. बांधावर वर्षानुवर्षे उन्हात पडलेले, पडक्या भिंतीचे किंवा कोरड्या खाणीतले दगड चांगले.

महाराष्ट्राच्या पठारावर राहणाऱ्यांचे भाग्य असे की, त्यांच्या पायाखालीच उत्तम दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहिला. त्याचे थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा काळा कातळ, म्हणजेच बेसॉल्ट, झाला. जो दगड मुळात आगीतूनच जन्मला, तो शेकोटीचा जाळ सहज सोसतो. मात्र सगळाच काळा दगड सारखा नसतो. काहींना लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे बारीक छिद्रे पडलेली असतात आणि त्यांत पांढरे किंवा गुलाबी खडे बसलेले दिसतात. नाशिक, जळगाव, पुणे या भागांत असा दगड पुष्कळ सापडतो. या खड्यांचे देखणे नमुने पाहायचे असतील तर सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात जावे. त्यांतले अनेक खडे झिओलाइट या जातीचे असतात आणि त्यांच्या रचनेतच पाणी असते. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा खडा तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा वाफ सोडू लागला. त्यावरून त्याने ग्रीक शब्द जोडून हे नाव दिले. त्याचा अर्थच ‘उकळणारा दगड’! तेव्हा शेकोटीसाठी दगड निवडताना पांढऱ्या ठिपक्यांचा, छिद्रांचा दगड बाजूला काढावा. भरीव, एकसारखा काळा दगड घ्यावा.

पारख सोपी आहे. दगडावर हातोडीने हलकेच मारावे. टणटणीत आवाज आला तर दगड भरीव. बद्द आवाज आला तर आत भेग आहे असे समजावे. मग त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. पाणी पटकन शोषले गेले तर तो दगड नको. निवडलेले दगडही महिनाभर उन्हात पसरून ठेवावेत.

इतर ठिकाणच्या वाचकांसाठी

इंदूर-उज्जैनच्या वाचकांना हाच काळा दगड मिळेल. कोकणात आणि गोव्यात जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असून पाणी धरतो. हैदराबादकडे ग्रॅनाइट मिळतो. तो कठीण खरा, पण त्यातले गारेचे कण सुमारे ५७३ अंश सेल्सियसला एकदम फुगतात आणि दगड तडकतो. पूर्वी खाणीतला असा दगड फोडण्यासाठी त्यावर जाळ करीत, तो याच गुणामुळे. ग्वाल्हेर आणि दिल्लीकडच्या वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. हे तिन्ही दगड बाहेरच्या बाजूला चालतील, मात्र ते पूर्ण कोरडे असावेत आणि जाळाच्या बाजूने भट्टीच्या विटांचे अस्तर द्यावे. शहाबादी किंवा कोटा फरशी मात्र अजिबात वापरू नये. तो चुनखडीचा दगड आहे. तापला की त्याच्या ढलप्या उडतात आणि फार तापला तर त्याचा चुनाच होतो. सिमेंटचे ठोकळे आणि काँक्रीटची फरशीही जाळाखाली तडकते, म्हणून शेकोटी फरसबंदीवर किंवा गच्चीवर करू नये.

जागा कोणती?

दगड झाले, आता जागा. घराच्या भिंतीपासून शेकोटी निदान दहा फूट दूर असावी. झाडाच्या फांद्यांखाली, विजेच्या तारांखाली ती नको. कडब्याची गंजी, गोठा किंवा सरपणाची रास जवळ असेल तर पन्नास फुटांचे अंतरही जास्त नाही, कारण उडालेली एक ठिणगी पुरते. मांडवावर वाळलेला वेल असेल तर त्यापासूनही दूर जावे.

वाऱ्याचा अंदाज घ्यावा. दोन-तीन संध्याकाळी काठीला कापडाची चिंधी बांधून अंगणात उभी करावी. वारा घराकडून शेकोटीकडे जाईल अशी जागा धरली की धूर घरात शिरत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, त्यामुळे पुष्कळ घरांना अंगणाचा नैर्ऋत्येकडचा भाग सोयीचा पडतो. पण प्रत्येक अंगणाची तऱ्हा वेगळी असते, तेव्हा चिंधीचे ऐकावे!

बांधणी

या मळ्यातल्या शेकोटीला लागलेले साहित्य असे होते:

नऊ ते बारा इंच लांबीचे भरीव काळे दगड — सुमारे ४५
मुरूम — वीसेक घमेली
कोरडी वाळू — तीन घमेली
चिकणमाती आणि भुसा — गरजेपुरते
खुंटी, सुतळी, कुदळ, फावडे, हातोडी आणि धुम्मस

प्रथम मध्यभागी खुंटी ठोकावी. तिला सुतळी बांधून दीड फुटावर एक आणि अडीच फुटांवर दुसरे वर्तुळ आखावे. आतले वर्तुळ म्हणजे जाळाची जागा, तीन फूट रुंद. दोन वर्तुळांमधला एक फुटाचा पट्टा म्हणजे दगडी भिंत. याहून मोठी शेकोटी करण्याचा मोह टाळावा. जागा मोठी असली की जाळ मोठा होतो आणि माणसे मागे सरकतात. तीन फुटांच्या शेकोटीभोवती आठ-दहा जण आरामात बसतात.

आता बाहेरच्या वर्तुळापर्यंत नऊ इंच खोल खणावे. काळी माती असेल तर हे खणणे टाळू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची भिंत एका वर्षात कलते. खड्ड्यात पाच इंच मुरूम भरून धुम्मसाने चांगला चोपावा. त्यामुळे पाया पक्का होतो आणि पाण्याचा निचराही होतो.

त्यावर दगडाचा पहिला थर लावावा. सर्वांत मोठे, सपाट तळाचे दगड खाली घ्यावेत. दगड हलला नाही पाहिजे. हलत असेल तर खाली चिपा घालून बसवावा. हा थर बहुतेक जमिनीखालीच राहतो, पण साऱ्या भिंतीचा भार त्याच्यावर असतो.

दुसऱ्या थरात चारी दिशांना दोन-दोन बोटांची फट ठेवावी. शेकोटीला खालून हवा मिळाली की जाळ स्वच्छ लागतो, धूर कमी होतो. हवेची वाट बंद झाली की ती धुमसत राहते आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. तिसरा थर लावताना खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड येईल, असा सांधा मोडत जावे. विटांची भिंत बांधताना गवंडी हेच करतो. तीन थरांनंतर भिंत जमिनीवर सुमारे दहा-अकरा इंच येते. एवढी उंची पुरे. त्याहून उंच केली तर ऊब भिंतीतच अडते आणि पाय गार राहतात.

दगडांच्या मध्ये सिमेंट भरू नये. जाळाने ते तडकते आणि मग दगडही सैल होतात. चुलीसाठी जशी माती मळतात, तशी चिकणमाती, थोडी वाळू आणि भुसा घालून मळावी आणि सांध्यांत दाबून भरावी. तडा गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा लिंपता येते. शेवटी आतल्या जमिनीवर दोन इंच कोरडी वाळू पसरावी. ज्यांना विटांचे अस्तर द्यायचे असेल, त्यांनी आतून उभ्या विटा लावाव्यात. साधारण पंचवीस विटा लागतात.

मळ्यात हे काम एका रविवारी झाले. गावातले गवंडीमामा सकाळी तासभर येऊन पाया पाहून गेले. बाकी सगळे घरच्यांनी केले. दगडांची पारख आजींकडे होती. हातातल्या काठीने त्या एकेक दगड वाजवीत आणि “हा घे,” “तो टाक,” असे सांगत. नातू मात्र त्या दिवशी ओट्यावरूनच पाहत होता.

पहिला जाळ

बांधून झाल्यावर लगेच मोठा जाळ करण्याची घाई नको. माती आठ दिवस वाळू द्यावी. त्यानंतर पहिल्या तीन संध्याकाळी मूठ-मूठ काटक्यांचा लहानसा जाळ करावा आणि तो चालू असताना सर्वांनी चार-पाच पावले दूर थांबावे. दगडात राहिलेला ओलावा असा हळूहळू निघून जातो. दर पावसाळ्यानंतर हेच पुन्हा करावे. पावसाळ्यात शेकोटीवर पत्रा झाकून ठेवला तर दगड फारसे भिजत नाहीत.

पेटवताना रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतू नये. भडका हात आणि चेहरा गाठतो. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर तर कधीच ओतू नये. वाळलेले गवत, नारळाची शेंडी किंवा तुरीच्या काड्या घेतल्या की काम होते.

काय जाळावे, काय नको

बाभळीचे लाकूड शेकोटीला उत्तम. ते सावकाश जळते आणि निखारा धरते. चिंचेचेही चांगले. पण लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले हवे. निदान सहा महिने आडोशाला वाळलेले लाकूड धूर कमी करते. दोन ओंडके एकमेकांवर आपटले आणि टणक आवाज आला तर ते वाळले आहे.

कण्हेरीच्या फांद्या शेकोटीत टाकू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. बिब्बा आणि काजूची टरफले यांच्या धुराने अंगावर आणि डोळ्यांना दाह होतो. रंगवलेले लाकूड, प्लायवुड, टायर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल यांपैकी काहीही जाळू नये. शेकोटी म्हणजे कचराकुंडी नव्हे. शहरांत तर उघड्यावर कचरा जाळणे गुन्हाच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली त्यासाठी पाच हजार रुपयांचा दंड ठरवून दिला होता. दिल्लीसारख्या शहरांत हिवाळ्यात हवा बिघडली की उघड्यावरच्या जाळावर आणखी निर्बंध येतात, तेव्हा शहरातल्या वाचकांनी आधी स्थानिक नियम पाहावेत आणि शेजाऱ्यांनाही विचारावे. घरात कोणाला दमा असेल तर त्यांची खुर्ची वाऱ्याच्या बाजूला, धुरापासून दूर ठेवावी.

द्राक्षबागेच्या छाटणीतल्या काड्या फुकट मिळतात म्हणून निफाडकडे त्यांचा मोह होतो. पण बागेवर मोरचुदापासून कीटकनाशकांपर्यंत अनेक फवारे झालेले असतात. ज्या जाळावर काही भाजून खायचे आहे, त्यात या काड्या घालू नयेत.

शेकोटीची ऊब आणि चव

शेकोटी एकदा झाली की तिचा उपयोग नुसता शेकण्यापुरता राहत नाही. ज्वारीचा हुरडा हे तर महाराष्ट्राचे हिवाळी वैभव. शेतात त्यासाठी जमिनीत लहानसा खड्डा करून गोवऱ्या पेटवतात. तिला आगटी म्हणतात. दगडी शेकोटीच्या वाळूत एका बाजूला गोवऱ्यांचा विस्तव केला की आगटी तयार! सुरती किंवा गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे गरम राखेत खुपसावीत, भाजली की तळहातांवर चोळून दाणे काढावेत. सोबत लसणाची किंवा कारळ्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही. दुसरे काही लागत नाही.

रायगडकडची पोपटी याच दिवसांतली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, हवी तर अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी भरतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाल्याने तोंड बंद करून मडके पालथे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. मडक्यावर पाणी शिंपडताच ते चटकन सुकले की पोपटी झाली. खानदेशात भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे जळगावचा माणूस पैजेवर सांगेल.

विस्तवाभोवती जमण्याची ही ओढ साऱ्या देशाची आहे. पंजाबात १३ जानेवारीच्या सुमारास लोहडी पेटते. आसामात माघ बिहूला पहाटे मेजी पेटवतात. उत्तर प्रदेशात, राजस्थानात चौकाचौकात अलाव असतो. काश्मिरी माणूस तर वेताच्या टोपलीतली कांगडी फिरनच्या आत घेऊनच फिरतो.

पण एक गोष्ट कधीही विसरू नये. शेकोटीचे निखारे किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नये. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अशा बातम्या येतात की, दारे-खिडक्या लावून शेगडीपाशी झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. माणसाला गुंगी येते आणि ती झोपच वाटते. शेकोटीची जागा उघड्या आभाळाखालीच.

बसण्याची शिस्त

मळ्यातल्या शेकोटीला दगडी वेशीबाहेर आणखी एक वेस आहे. भिंतीपासून तीन फुटांवर आजींनी पांढऱ्या खड्यांची गोल रेघ ओढून घेतली आहे. मुलांनी त्या रेघेच्या आत यायचे नाही, पळापळ करायची नाही आणि लाकूड घालायचे काम एकाच मोठ्या माणसाचे. नायलॉनची साडी, सिंथेटिक ओढणी, लोंबणारी शाल हे सारे जाळापाशी धोक्याचे. हे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. सुती किंवा लोकरी कपडे घालावेत आणि पदर खोचून बसावे. पाण्याने भरलेली बादली आणि वाळूचे घमेले हाताशी असल्याशिवाय काडी ओढू नये.

तरीही कोणी भाजलेच तर त्या जागेवर लगेच नळाचे साधे पाणी सोडावे आणि वीस मिनिटे सोडत राहावे. बर्फ नको. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. सूज येण्याआधी अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. भाजलेली जागा तळहाताएवढी किंवा मोठी असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल किंवा भाजणारे लहान मूल असेल तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. कपडे पेटले तर धावू नये. जमिनीवर लोळावे, किंवा जवळच्या माणसाने जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटावी.

विझवणे हेही कामच

शेकोटी पेटवायला सगळे पुढे असतात, विझवायला कोणी नसते. खरा धोका तेथेच आहे. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो. सकाळी अंगणात अनवाणी खेळणाऱ्या मुलाला ती राख थंडच वाटते.

म्हणून उठण्याआधी अर्धा तास नवे लाकूड घालू नये. उरलेले निखारे काठीने पसरावेत आणि त्यांवर थोडे थोडे पाणी शिंपडावे. बादली एकदम उपडी करू नये. तापलेल्या दगडावर गार पाणी पडले तर दगड तडकतो आणि वाफेने हात भाजतो. पाणी निखाऱ्यांवर, दगडांवर नव्हे, हे लक्षात ठेवावे. राख ढवळून पुन्हा शिंपडावे. चुरचुर आवाज थांबला आणि राखेवर धरलेल्या हाताला ऊब लागेनाशी झाली, की शेकोटी विझली. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोखंडी बादलीत काढावी. ती झाडांना घालायची असेल तर मूठभरच घालावी. काळी जमीन आधीच विम्लधर्मी असते, तिला जास्त राख मानवत नाही.

मळ्यात नवी शेकोटी पेटली त्या पहिल्या संध्याकाळी नातू ओट्यावरच बसून होता. दुसऱ्या दिवशी तो पायरीवर आला. आजींनी त्याला बोलावले नाही, की “घाबरतोस काय?” असेही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी त्या त्याच्या बाबांना म्हणाल्या, “विझवायला मला वाकवत नाही. कोणीतरी बादली धरा.” मुलगा उठण्याआधीच नातू बादली घेऊन पुढे झाला. बाबांनी त्याचा हात धरला आणि निखाऱ्यांवर कसे शिंपडायचे, दगडांवर का नाही, ते समजावले.

तेव्हापासून त्या घरात शेकोटी विझवण्याचे काम त्याच्याकडे आहे. रोज रात्री बाबा शेजारी उभे असतात. तो राख ढवळतो, वर हात धरून पाहतो आणि “आजी, गार झाली,” असे सांगतो. त्यानंतरच आजी खुर्चीवरून उठतात.